मिक्सरचा कपलर सुटत नसेल, तर आधी मोटर कुठल्या दिशेने फिरते ते पाहा

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. त्या डबे करून देतात. ७५० वॅटचा मिक्सर, सहा वर्षं वापरातला. महिनाभर चटणी वाटताना रबर जळल्यासारखा वास येत होता. आता मोटर जोरात फिरते, पण भांड्यातलं पातं जागचं हलत नाही. भांडं उचललं की खाली मोटरवरच्या काळ्या कपलरचे, म्हणजे मोटर भांड्याला जोडणाऱ्या दातेरी चकतीचे, दात गोल झालेले दिसतात आणि भोवती काळा चुरा पडलेला असतो. नवा कपलर त्यांनी आणून ठेवलाय, पण जुना निघत नाही. कुठे स्क्रू दिसत नाही, पिन दिसत नाही. दिरांनी पकडीत धरून नेहमीसारखा डावीकडे फिरवून पाहिला, तर तो किंचित हलल्यासारखा वाटला आणि मग आणखी आवळल्यासारखा झाला. दुकानदार म्हणतो, मोटरच बदला.

ताई, मोटर बदलू नका. मोटर फिरतेय, वेग घेतेय, म्हणजे ती चांगली आहे. तुमच्या दिरांची ताकदही कमी पडलेली नाही. त्यांनी दिशा चुकीची धरली, एवढंच. मी २६ वर्षं मिक्सर आणि छोट्या मोटरी दुरुस्त करतोय. दुकानात तुटक्या अवस्थेत येणाऱ्या कपलरांपैकी निम्मे तरी घरी उलट्या बाजूला फिरवून आवळलेले असतात.

हे का होतं ते आधी समजून घ्या, कारण ते समजलं की पुढचं सगळं काम सोपं आहे. बहुतेक मिक्सरांत हा कपलर मोटरच्या शाफ्टवर, म्हणजे मधल्या फिरत्या दांड्यावर, आट्यांनी बसवलेला असतो. बाहेरून प्लास्टिक किंवा नायलॉन दिसतं, पण मधोमध पितळेचा किंवा लोखंडी नट आतच ओतलेला असतो आणि तो शाफ्टच्या आट्यांवर चढलेला असतो. म्हणून तुम्हाला स्क्रू दिसत नाही. कपलर स्वतःच नट आहे.

आता चालू मिक्सरचा विचार करा. शाफ्ट पुढे धावतो. भांड्यात सुकं खोबरं नाहीतर भिजलेली डाळ असते, ती पात्याला मागे ओढते. पातं भांड्याखालच्या कपलरला मागे ओढतं आणि तो मोटरवरच्या कपलरला. म्हणजे काम करताना कपलरवर सतत मागच्या बाजूला ओढ असते. या ओढीने कपलर सैल होणारे आटे पाडले असते, तर पहिल्याच चटणीला तो सुटून वर आला असता. म्हणून आटे असे पाडतात की ओढ पडली की कपलर आवळला जावा. याचाच दुसरा अर्थ असा, की सोडवायचा तर ओढीच्या उलट, म्हणजे मोटर ज्या दिशेला फिरते त्याच दिशेला कपलर फिरवायचा. एवढा एक नियम लक्षात ठेवा. कंपनी कुठलीही असो, आट्यांवर बसलेल्या कपलरला तो लागू पडतो.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मिक्सरांची मोटर वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, म्हणजे आटे डावे, उलटे. तिथे कपलर उजवीकडे फिरवला की सुटतो. घरातल्या टेबल फॅनच्या पात्यापुढची टोपी ज्यांनी काढलीय त्यांना हे माहीत आहे, तीही उजवीकडेच सुटते. सायकलच्या डाव्या पायंडलचंही तसंच. पण ‘बहुतेक’ या शब्दावर विसंबून जोर लावू नका. स्वतः तपासा. दोन मिनिटांचं काम आहे.

वीज न लावता तपासायचं असेल तर झिजलेल्या कपलरकडेच नीट बघा. दाताच्या दोन्ही बाजू सारख्या झिजत नाहीत. मोटरवरचा कपलर ज्या बाजूने भांड्याच्या कपलरला ढकलतो ती बाजू गोल होते, मागची बाजू बऱ्यापैकी कोरी राहते. गोल झालेली बाजू म्हणजे पुढची बाजू, मोटर तिकडे फिरते. नखाने चाचपलं तरी कळतं. दात पार सपाट झाले असतील, तर भांड्यातलं पातं वरून बघा. धार ज्या कडेला आहे ती कड पुढे जाते. मात्र भांडं उलटं धरून खालून बघू नका, दिशा उलटी दिसेल आणि सगळा हिशेब चुकेल.

खात्री करायची तर भांडं बाजूला ठेवून कपलरवर खडूने ठिपका द्या, हात लांब ठेवा आणि बटण झटक्याच्या बाजूला, म्हणजे कुठे ‘व्हिप’ तर कुठे ‘पल्स’ लिहिलेलं असतं तिकडे, क्षणभर दाबून सोडा. मोटर थांबत येताना ठिपका कुठे जातो ते दिसतं. क्षणभरच सांगतोय, कारण ही मोटर बिनओझ्याची असली की मिनिटाला अठरा-वीस हजार फेऱ्यांपर्यंत जाते. नंतर प्लग काढा, आणि तो टेबलावर आपल्या डोळ्यांसमोर ठेवा. नुसतं बटण बंद करून हात घालू नका. घरात दुसरं कोणी तरी येतं आणि सहज बटण फिरवतं.

दिशा कळली. आता प्रश्न उरतो शाफ्ट धरायचा. कपलर फिरवला की शाफ्टही बरोबर फिरतो, मग आटे सुटणार कसे?

कपलर टाकूनच द्यायचा आहे, म्हणून पहिला उपाय मी वरूनच करतो. लाकडाचा छोटा ठोकळा किंवा जुन्या स्क्रूड्रायव्हरचं टोक दाताच्या मागच्या बाजूला लावायचं, आडवं, जमिनीला समांतर, आणि हातोडीने दोन-तीन हलके पण झटक्याचे ठोके द्यायचे. ठोका मोटर फिरते त्याच दिशेला जायला हवा. आतलं आर्मेचर, म्हणजे शाफ्टवर बसलेला मोटरचा फिरता भाग, जड असतं. झटका इतका अचानक येतो की ते लगेच हलत नाही आणि आट्यांची पकड तुटते. वरून खाली ठोका मुळीच देऊ नका. तो ठोका शाफ्टमधून थेट खालच्या बुशवर, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या नळीवर, जातो. चार ठोक्यांत सुटला नाही तर थांबा. पाचवा ठोका जोराचा पडतो आणि शाफ्ट वाकतो. वाकलेला शाफ्ट सरळ होत नाही, एवढं मी अनुभवाने सांगतो.

मग मिक्सर उलटा करून तळ उघडा. स्क्रू चार-पाच असतात, त्यांतले एक-दोन बऱ्याचदा रबरी पायांच्या आत लपलेले असतात. तळ उचलण्याआधी आणि उचलल्यावर फोटो काढून ठेवा, तारा कुठून कशा जातात ते नंतर आठवत नाही. पुष्कळ मोटरींत शाफ्टच्या खालच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर बसेल अशी आडवी खाच असते, ती याच कामासाठी. तिच्यात रुंद पात्याचा स्क्रूड्रायव्हर घट्ट बसवा, मिक्सर आडवा झोपवा आणि एकाला तो स्क्रूड्रायव्हर धरायला सांगा. खालच्या हाताने फक्त धरून ठेवायचं, फिरवायचं नाही. खालून बघताना दिशा उलटी दिसते आणि दोघं मिळून एकमेकांच्या विरुद्ध काम करत बसतात. कपलर वरच्या माणसाने जाड फडक्यातून पकडीत धरून फिरवायचा.

खाच नसेल तर? इथेच सर्वांत मोठं नुकसान होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. लोक स्क्रूड्रायव्हर कुठेतरी खुपसून आर्मेचर अडवतात. कधी पंख्याच्या पात्यात, कधी तांब्याच्या पट्ट्यांच्या कम्युटेटरवर, कधी तारांच्या गुंडाळ्यात. पंखा प्लास्टिकचा किंवा पातळ ॲल्युमिनियमचा असतो, लगेच मोडतो. कम्युटेटरवर खोल ओरखडा गेला की त्यावर घासून वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे ठिणग्या टाकायला लागतात. आणि गुंडाळ्याच्या तारेवरचं वार्निश खरवडलं तर आर्मेचरच गेलं. एका गृहस्थांनी कपलर मात्र व्यवस्थित काढला होता. माझ्याकडे मिक्सर आला तो आर्मेचर जळल्यामुळे. शंभराच्या आतबाहेरच्या वस्तूपायी त्यांना नवं आर्मेचर घालावं लागलं. मला आजही त्याची चुटपुट लागते, कारण त्यांनी आधी फोनवर विचारलं होतं आणि मी घाईत ‘आर्मेचर धरा’ एवढंच बोललो, कुठे धरा ते सांगितलं नाही.

खाच नसेल तेव्हा मी आर्मेचरच्या लोखंडी अंगाभोवती, म्हणजे पत्र्यांच्या थप्पीभोवती, जुन्या सायकल ट्यूबची पट्टी गुंडाळून हाताने आवळून धरतो. त्यासाठी मोटर बाहेर काढावी लागते, आणि त्याआधी दोन्ही कार्बन त्यांच्या खोबणीतून काढून ठेवावे लागतात, नाहीतर तुटतात. कुठला कार्बन कुठल्या बाजूचा यावर खूण करा. ते आपापल्या जागी घासून बसलेले असतात, अदलाबदल झाली तर काही दिवस ठिणग्या देतात. एवढं करायचं धाडस नसेल तर या टप्प्यावर मिक्सर कारागिराकडे न्या आणि ‘फक्त कपलर काढून द्या’ म्हणून स्पष्ट सांगा.

आता तुमच्या मिक्सरचा खास त्रास. सहा वर्षं मसाल्याचं आणि मिठाचं पाणी कपलरखाली झिरपलंय, आटे गंजलेले असणार. त्यात ही मोटर अशा जातीची आहे, की ती अडकून थांबली की तिचा जोर सर्वांत जास्त असतो. हळकुंडाचा तुकडा पात्यात अडकला आणि मोटर गुरगुरून थांबली, असं सहा वर्षांत जितक्या वेळा झालं असेल तितक्या वेळा कपलर थोडा थोडा आवळला गेलाय. वर दिरांनी लावलेला जोर आहेच.

गंजासाठी डब्ल्यूडी-४० सारख्या तेलाचा एक थेंब शाफ्टच्या टोकाशी, जिथे नट आणि शाफ्टची फट दिसते तिथे, काडीने सोडा आणि मिक्सर आडवा करून रात्रभर ठेवा. फवारा मारू नका. कपलरच्या लगेच खाली सच्छिद्र पितळी बुश असतो, तो मुरलेल्या तेलावर चालतो. हे पातळ तेल तिथे पोचलं तर मुरलेलं तेल धुऊन काढतं आणि चार महिन्यांनी मोटर किंचाळायला लागते. चुकून जास्त पडलंच तर काम झाल्यावर बुशपाशी शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब द्या.

तेलाने भागलं नाही तर उष्णता. गॅसची ज्योत नको. सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक मधल्या धातूच्या नटावर तीन-चार मिनिटं टेकवून ठेवा. पितळ लोखंडापेक्षा जास्त फुगतं. ६ मिलिमीटरच्या आट्यात १०० अंश तापवल्यावर पडणारा फरक मिलिमीटरच्या हजाराव्या भागांतला चारेक भाग, डोळ्यांना दिसणारही नाही इतका. पण गंजाची पकड तोडायला तेवढा पुरतो. नट लोखंडी असला तरी तापून गार होण्याने गंज हलतो. ताप उतरायच्या आत फिरवा, हात भाजणार नाही असं जाड फडकं घेऊन.

आणि एक शक्यता अशी, की कपलर फिरतोय, अगदी सहज फिरतोय, पण वर चढत नाही आणि शाफ्टही हलत नाही. म्हणजे प्लास्टिक आतल्या नटावरच घसरतंय, नटाची पकड सुटलीय. असा कपलर दिवसभर फिरवला तरी निघणार नाही. इथे मी सरळ करवतीच्या पात्याने प्लास्टिकला दोन बाजूंनी उभे काप देतो, शाफ्टला पातं लागणार नाही इतपतच खोल, आणि स्क्रूड्रायव्हरने फाकवून तुकडे काढतो. उरतो तो उघडा नट. तो ग्रिप प्लायरमध्ये घट्ट धरला की बहुतेक वेळा पहिल्याच झटक्यात सुटतो. खरं सांगायचं तर तुमच्या वर्णनावरून मला हीच शक्यता जास्त वाटते. पकडीने जोर लावल्यावर ‘किंचित हलल्यासारखा वाटला’ असं तुम्ही लिहिलंय. ते हलणं आट्यांचं नव्हतं, प्लास्टिकचं होतं.

सगळेच कपलर आट्यांचे नसतात, हेही सांगायला हवं. मधल्या भोकात शाफ्टचं टोक दिसतं, ते बॅटरीच्या उजेडात बघा. टोक गोल असून आट्यांच्या रेघा दिसल्या तर वर सांगितलं ते सगळं लागू. टोक एका बाजूने सपाट, इंग्रजी डी अक्षरासारखं दिसलं, तर कपलर नुसता दाबून बसवलेला असू शकतो, हॅण्ड ब्लेंडरमध्ये असे असतात. तो फिरवायचा नाही, वर उचलायचा. दोन चपटे स्क्रूड्रायव्हर समोरासमोरून खाली सरकवा, मिक्सरच्या अंगाखाली लाकडी पट्टी टेकू म्हणून द्या आणि दोन्ही बाजूंनी सारखा उचला. एकाच बाजूने उचकटला तर तिरका होऊन आणखी रुततो.

कपलरच्या बाजूच्या भिंतीत भोक असेल तर त्यात ग्रब स्क्रू, म्हणजे भोकात पूर्ण बुडणारा बिनडोक्याचा स्क्रू आहे, अॅलन कीने सुटणारा. घरगुती मिक्सरमध्ये हा क्वचितच दिसतो, पण मसाला कांडप किंवा पिठाच्या छोट्या यंत्रांच्या मोटरींवर, जिथे दोन लोखंडी तुकड्यांमध्ये रबराचा तारा असलेलं कपलिंग असतं, तिथे हाच प्रकार असतो. भोकातला मळ सुईने पूर्ण काढा, मगच की घाला, नाहीतर ती अर्धीच बसते आणि षट्कोन गोल होतो. एम ५ च्या ग्रबला २.५ मिमीची की, एम ६ ला ३ मिमीची. ३ मिमीची सैल वाटली तर ग्रब इंचाच्या मापाचा असू शकतो, १/८ इंचाची की लावून बघा. १ हॉर्सपॉवरची एक मोटर माझ्याकडे आली होती, मालकाने ग्रब काढून दोन दिवस कपलिंगवर घाव घातले होते. त्याच भोकात पहिल्या ग्रबच्या खाली दुसरा ग्रब होता. पहिला फक्त दुसऱ्याला सैल होऊ न देण्यासाठी बसवलेला. दुसरा काढल्यावर कपलिंग पुलर लावून दहा मिनिटांत निघालं. बेअरिंग मात्र घावांनी गेलं होतं, आवाज करत होतं, ते बदलावं लागलं. तेव्हापासून ग्रब निघाला की मी भोकात परत बॅटरी मारून बघतो.

कपलर निघाल्यावर लगेच नवा लावू नका. त्याच्या खाली वायसर असतात, कुठे स्टीलचा, कुठे फायबरचा, आणि पाणी बुशमध्ये जाऊ नये म्हणून रबराची चकती. त्यांचा क्रम फोटोत धरा आणि तोच क्रम परत लावा. एक वायसर राहिला तर कपलर खाली बसतो, भांड्याचे दात अर्धेच अडकतात आणि नवा कपलर लवकर झिजतो. शाफ्ट बोटांत धरून आडवा हलवा. आडवा खेळ जाणवला तर बुश गेलाय, तो बदलल्याशिवाय नवा कपलर टिकणार नाही.

मग भांडी तपासा, सगळी, एकेक करून. भांडं उलटं करून खालचा कपलर बोटाने फिरवा. तो सहज फिरायला हवा. जड फिरत असेल तर दोष तिथेच आहे. भांड्याच्या बुशमध्ये वाटण सुकून बसलंय किंवा पात्याचा शाफ्ट गंजलाय. तुमच्या कपलरचे दात अशाच भांड्याने खाल्ले असण्याची शक्यता मोठी आहे. भांड्याच्या कपलरचे दात गोल झाले असतील तर तोही बदला. जुन्या दातांवर नवे दात नीट बसत नाहीत.

कपलर मऊ पदार्थाचा का करतात, असं तुम्ही विचारलंय, लोखंडी का नाही. मुंबईच्या माथूर दांपत्याने १९६० च्या दशकात सुमीत मिक्सर काढला, तो परदेशी ब्लेंडर आपल्या मसाल्यांपुढे टिकत नाही म्हणून. तेव्हापासून आपल्याकडचे मिक्सर जोरकस मोटरीचे आहेत. ही मोटर मधे गिअर न घालता थेट भांड्याला जोडलेली असते, त्यामुळे अडकल्याचा सगळा धक्का एकाच जोडावर येतो. कपलर लोखंडी केला तर तो धक्का शाफ्टवर, पात्यावर आणि आर्मेचरवर जाईल. दात झिजतात तेव्हा कपलर स्वतः मरून मोटर वाचवतो. म्हणून बाजारात ‘कधीच न तुटणारा’ म्हणून धातूचा कपलर कोणी दिला तर घेऊ नका.

नवा घेताना जुना, निदान त्याचा नट, दुकानात घेऊन जा. दातांची संख्या, उंची, भोकाचं माप आणि आट्यांची दिशा, चारही जुळायला हवीत. आट्यांची दिशा दुकानदार बघत नाही. तुम्ही आणलेला कपलर शाफ्टवर हलक्या हाताने, दोन बोटांनी, चढवून पाहा. पहिल्या दीड फेऱ्यांत अडला तर जोर लावू नका, आटे वेगळे आहेत, परत करा. चढवण्याआधी शाफ्टचे आटे जुन्या टूथब्रशने साफ करा. चिकटवणारं काही लावू नका. कपलर हाताने बसेल तेवढाच घट्ट करा, पुढचं आवळणं पहिलं वाटणच करतं.

तळ बंद करून आधी भांड्याशिवाय क्षणभर चालवा. कपलर डगमगत असेल तर तो तिरका चढलाय, काढून परत लावा. सरळ फिरला तर भांड्यात दोन वाट्या पाणी घालून अर्धा मिनिट चालवा, वास येतो का बघा. मग नेहमीचं वाटण. हळकुंडं आणि सुकं खोबरं पहिल्या दिवशी नको. नवे दात भांड्याच्या दातांत चार-सहा वाटणांत बसतात, तेवढं होऊ द्या.

कपलर कापावाच लागला आणि आतला नट ग्रिप प्लायरमध्येही हलला नाही, तर वरून काढलेला एक फोटो टाका, नट आणि शाफ्टचं टोक दोन्ही दिसेल असा. तो बघून पुढचं सांगतो.